हाडातून ऐकवणारा हेडफोन

कानाच्या डॉक्टरांकडे मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा होते. आजोबांच्या हातात नवा हेडफोन होता, कानात न घालता हाडावर टेकवायचा.

“अहो, कानात कोंबू नका. कानापुढच्या हाडावर लावा.”

“काय?”

“हाडावर!” माझं बाळसुद्धा दचकलं.

“ओरडतेस काय? घरी कॉम्प्युटरला तर लगेच जोडला गेला होता.”

“आता फोनला जोडायचाय. बटण दाबून धरा, दिवा लुकलुकला पाहिजे... हं, जोडला.”

“अगं, हा तुझा फोन आहे!”

“अगंबाई! थांबा, काढते... नेमका लेकीचाच फोन आला. हॅलो? हॅलो! काहीच ऐकू येत नाही.”

“मला येतंय की. स्पष्ट! ‘बाबांना सांगू नकोस’ म्हणतेय.”

“द्या तो इकडे!”

“नोकरी सोडून महिना झाला? आणि तुला माहीत होतं?”

“सांगणार होते हो! पण तुम्हाला सांगायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला सांगायचं!”

“गप्प बस, मला ऐकू दे. बाळा, आई नाही, मी बोलतोय... हो, बाबाच. रडू नकोस. त्या साहेबाच्या हाताखाली दोन वर्षं काढलीस हेच पुष्कळ झालं... नाही गं, रागावलो नाही... आणखी काय?... असं होय!”

“अहो, काय म्हणतेय ती?”

“बरं, बरं. नाही सांगत आईला.”