आलेख वर गेला पाहिजे!

मला आधी एक सांगा, रेडिओवर एखादी सूचना लागली की तुम्ही हातातलं काम टाकून फोन लावायला धावता का? नाही ना? मग हे आमच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांना कोण समजावणार! सूचना त्यांनीच लिहिलेली, 'छातीत दुखतंय? थांबू नका, आरोग्य हेल्पलाइनला फोन करा!' दिवसातून तीनदा लागायची. मी फोन घ्यायचो, आणि सूचनेनंतरच्या तासाभरात किती आले ते मोजायचो, म्हणजे सूचनेचा परिणाम कळतो. मोजले. पूर्वी नऊ, आता नऊ! साहेब कागदाकडे असे बघत राहिले, जणू लोकांची तोंडं मीच दाबून धरली होती. "आलेख वर गेला पाहिजे!"

अहो साहेब, पण फोनच येत नाहीत तर... "ते मला सांगू नका. आलेख वर गेला पाहिजे!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून सूचना संपली रे संपली, की वरच्या मजल्यावरून आमचीच माणसं फोन करायला लागली. टंकलेखक बाई, भांडारपाल, साहेबांचा ड्रायव्हर... भांडारपाल तर तोंडातला घास चावत चावत, "छातीत फार कळा येतायत हो... तुमचं जेवण झालं का?" मी हसायचो आणि रेघ मारायचो. हो, मारायचो! रोज देवापुढे हात जोडणारा माणूस मी, पण खोटी रेघ ओढताना हात अडखळला नाही. आलेख वर गेला. साहेबांचा सत्कार झाला.

आणि एका दुपारी, सूचना संपून तीन मिनिटंही झाली नसतील, फोन! बाईचा आवाज. "सासऱ्यांना दरदरून घाम फुटलाय, डावा हात धरून बसलेत, काय करू?" म्हटलं, वा, ही नवी दिसते, काम मन लावून करते! "ताई, रडणं जरा आवरा, साहेबांना खरं वाटायचं नाही!"

"अहो, काय बोलताय तुम्ही?"

"सासऱ्यांना म्हणावं, चहा घ्या, आलेख वर गेला!" आणि तुम्हाला सांगतो, मी मोठ्यानं हसलो. ती विनवत राहिली, मी तिचं कौतुक करत राहिलो... चार मिनिटं! मग मागून एका म्हातारीचा थकलेला आवाज आला, "अगं सूनबाई, हे बोलत का नाहीत गं?"

आमच्या कार्यालयात इतकी म्हातारी बाई कुणीच नव्हती.

पत्ता! पत्ता सांगा! रुग्णवाहिका गेली, आजोबा वाचले. पण हृदयाला जे व्हायचं ते त्या चार मिनिटांत झालं. आता त्यांना स्वतःच्या घराचा जिना उतरवत नाही.

चौकशी झाली. साहेबांना घरी बसवलं. मीही राजीनामा लिहून नेला होता. पण त्या सूनबाई म्हणाल्या, "यांना काढू नका. फोनवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसासमोर यांना उभं करा."

तर तुमची ही अकरावी तुकडी. आता त्या फोनचं ध्वनिमुद्रण ऐकवतो. मी हसतो तिथे दर वेळी कुणीतरी हसतंच, तुम्हीही हसाल, माझी हरकत नाही. फक्त संपेपर्यंत खोलीबाहेर जाऊ नका... मलाही परवानगी नाही.