सत्तावीस प्रस्तावना आणि एक ओटा

—नाही, बेल दाबून उपयोग नाही, सर बाहेर गेलेत, आणि त्यांची बेल गेल्या वर्षापासून बंदच आहे, लोक ती दाबतात आणि दार मी उघडते, अशी रीतच पडलीय. या ना आत. कॉलेजातून आलात ना? फाईलवरून कळलं. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय रुसलाय, इकडे ओट्याजवळ बसा, मुलंही इथेच बसतात. कुठली म्हणजे? सरांची, इंजिनिअरिंगची. एकेक ताडमाड वाढलेला, पण मनानं चार ओळी लिही म्हटलं की ततपप. तुम्ही चौकशीचे साहेब, हेही मला माहितेय. सोमवारी सरांच्या नोकरीचं ठरणार ना? पत्र चुकून माझ्या दारात पडलं होतं, उघडंच होतं – म्हणजे उघडत आलं होतं. म्हणून म्हणते, सरांवर आळ घेण्याआधी जरा माझं ऐका.

सर शिकवतात काय, तर संशोधनाची प्रस्तावना लिहायची, पण उचलेगिरी न करता. मुलं काय करायची – दुसऱ्याचा लेख समोर ठेवायची, 'महत्त्वाचा' काढून 'मोलाचा' घालायची, की झाला लेख आपला. सर म्हणतात, बटणं बदलली म्हणून शर्ट आपला होत नाही. मग त्यांनी युक्ती काढली. वाचलेले सगळे कागद पालथे घालायचे आणि ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला तोंडी सांगायचं – लोकांनी आजवर काय केलं, कुठे अडलं, मी काय करणार. मग तेच घरी जाऊन लिहायचं, आणि ज्याचं जे घेतलं त्याचं नाव खाली टाकायचं. आता ओ की ठो न कळणारं माणूस शोधायला सरांना लांब जावं लागलं नाही, भिंतीपलीकडेच होतं. मी आठवी पास. सर म्हणाले, वहिनी, तुम्ही अगदी योग्य आहात. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिला आला तो चष्मेवाला. पुलांच्या तड्यांवर काहीतरी. कागद पालथा घातला आणि त्या पालथ्या कागदाकडेच बघत बसला. मी म्हटलं, बाळा, मागे काय लिहिलंय? सरळ सांग की, तडा बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि आतला तडा कळत नाही, इथेच घोडं पेंड खातं – असंच ना? म्हणजे मी सांगितलं नाही हं, विचारलं. त्यानं लिहून घेतलं ही त्याची मर्जी. मग बॅटरीवाली आली, मग नळाच्या गळतीवाला, तिथेही अडलंच होतं, आणि अडलं की घोडं पेंड खाणारच...

काय म्हणता? सत्तावीस? सत्तावीस प्रस्तावनांत घोडं पेंड खातं आणि तुमच्या चोरी पकडणाऱ्या मशिननं ते धरलं? मशिनला काय कळतंय, प्रत्येकाचं घोडं वेगळं आहे. आणि प्रत्येकानं बाकीच्या सव्वीस जणांचं चोरलं असं निघालं, पण पहिलं कोणी लिहिलं ते निघत नाही? कसं निघेल, पहिलं कोणी लिहिलंच नव्हतं.

असं बघू नका. चहा घ्या. सरांकडे नाही आलात? माझ्याकडे? माझा पत्ता कोणी... अठ्ठाविसावी मुलगी? ती वेणीवाली? दाखवा बघू. चष्मा कुठे गेला माझा – हां, इथे तळाशी. 'शेजारच्या काकू, ओट्याजवळ, तोंडी.' अगं बाई. पोरीनं नाव टाकलं बघा. विजेच्या बिलावरसुद्धा ह्यांचंच नाव असतं हो. सत्तावीस जणांना नाही सुचलं, तिला सुचलं. सरांचं शिकवणं फुकट नाही गेलं म्हणायचं.

सही? ह्या जबानीवर? वाचते आधी. 'प्राध्यापकांनी शेजारणीकरवी विद्यार्थ्यांना तयार मजकूर पुरवला.' हे कोणी सांगितलं तुम्हाला? साफ खोटं. सरांना ठाऊकही नाही. पहिल्याच दिवशी बजावून गेले होते, वहिनी, तुम्ही फक्त ऐकायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, सर, तोंडाला कुलूप. आणि... झालं, आता तुम्हाला कळलंच. पण पोर समोर घामाघूम होऊन बसलंय आणि शब्द माझ्या ओठावर, मग गप्प कसं बसायचं? ह्यांच्याशी बोलावं तर हे टीव्हीकडे बघून 'हं' म्हणतात. आणि ही एवढी शिकलेली मुलं माझं बोलणं वहीत उतरवून घेत होती. तुम्ही गप्प बसला असतात? हो, तुम्ही बसला असतात, ते दिसतंच आहे.

आणि पुढे हे काय? 'टाकीतील मेलेला उंदीर मी स्वतः पाहिला.' कुठली टाकी? वसतिगृहाची? म्हणजे कुणाच्यातरी जुन्या जबानीवर माझं नाव चिकटवून आणलंत होय. साहेब, कागद पालथा घाला. घाला म्हणते ना. आता मला तोंडी सांगा, सरांचा गुन्हा काय? ... सांगा की. ... कुठे अडलं? हे बघा, शब्द माझ्या ओठावर आलाय, पण मी देणार नाही. एकदा चूक झाली तेवढी पुरे.

द्या ते पेन, आणि एक कोरा कागद. 'सरांनी गप्प बसायला सांगितलं होतं. मी बसले नाही. मुलांनी माझं लिहून घेतलं आणि माझं नाव टाकायला विसरली. सरांना हे माहीत नव्हतं.' घ्या, ही सही. सोमवारी हे वाचा, मोठ्यानं वाचा. उंदराचा कागद राहू दे इथेच, टेकूला होईल त्या खुर्चीच्या.

थांबा – चपला वाजल्या. सरच आहेत, त्यांची डावी घासते. तुमच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते. उभे राहा तिथेच आणि मधे एक शब्द बोलू नका. सर, जरा इकडे याल? बेलीचं नाही, दुसरंच आहे. बसा. त्या खुर्चीवर नको. सर, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात ना, फक्त ऐकायचं. तर मी...