रेणापूरच्या जावयाची वॉशिंग मशीन

सासरी मला मुकी समजायचे, तेव्हाची गोष्ट. लग्नाच्या आहेराचे सगळे पैसे घालून ह्यांनी मोबाईलवर बघून अर्धापूरच्या एकाकडून जुनी वॉशिंग मशीन घेतली. "एकदम चालू हाय," असा त्याचा मेसेज होता. घरी ती फिरलीच नाही.

तो फोनवर ह्यांना म्हणाला, "मी काय दुकानदार न्हाई. ग्राहक कोर्टात जाता येत न्हाई."

मी फोन घेतला. "बरोबर आहे, भाऊ. पण खोटं सांगून विकलं तर दिवाणी कोर्टात जाता येतं. तुमचा मेसेज जपून ठेवलाय."

तो मऊ झाला. "ताई, माहेर कुठलं?"

"रेणापूर."

"माझी सासुरवाडी की. मंग आपण पाव्हणेच."

"मग नोटिशीची एक प्रत तुमच्या सासऱ्यांना देते."

संध्याकाळी तो टेम्पो घेऊन आला, पैसे देऊन मशीन घेऊन गेला. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "हिच्यासंगं जपून बोलत जा, बाबा."