दाराचा रंग

पालकसभेची रांग हलत नव्हती, त्यामुळे पुढच्या आईचं आणि चित्रकलेच्या बाईंचं बोलणं मागे उभ्या असलेल्या एका शिंप्याच्या कानावर पडत होतं.

"धरणात बुडालेलं आजोबांचं घर लेकीनं कौलांसकट काढलं, बाई, आणि शेरा काय, तर 'अपूर्ण'!"

"अहो, दार कोरंच आहे ना."

"मग रंगवेल की निळं. त्यात काय एवढं?"

"इतिहासाच्या चित्रात आमचा एकच नियम आहे. ज्यानं पाहिलंय, त्याला विचारल्याशिवाय रंग भरायचा नाही."

"आता कुणाला विचारणार? तिच्या आजोबांना जाऊन महिना झाला."

"मग कोरंच राहू दे. खाली लिहील ती, 'विचारायचं राहून गेलं'."

"तसं नका लिहायला लावू, बाई. ती रोज वही घेऊन त्यांच्या खाटेशी जायची. मीच हाकलायचे, आजोबांना त्रास देऊ नकोस म्हणून."