तांब्याची सुरई मी कापली

जबाब देणार : सेवानिवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, वय ७१ वर्षे, शेजारी 'मास्तर' म्हणून ओळखतात, राहणार मुलीच्या घरी, तिसरा मजला.

ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर होऊन सांगतो की,

पत्नीच्या निधनापासून मी मुलीकडे राहतो. घरात मुलगी, जावई व जावयांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या विहीणबाई, असे आम्ही चौघे आहोत. माझी खोली एका टोकाला व संडास दुसऱ्या टोकाला असून तेथे जाण्याचा रस्ता विहीणबाई झोपतात त्या दिवाणखान्यातून आहे.

घरकामास रोज सकाळी बाई येतात. ज्यांना आज चोरीच्या संशयावरून येथे आणले आहे, त्याच या बाई. गेल्या काही महिन्यांपासून त्या माझी चादर इतर कपड्यांच्या आधी, वेगळी धुतात. याबाबत आमच्यात बोलणे झालेले नाही. एके दिवशी त्यांनी रुंद तोंडाच्या दोन बाटल्या आणून माझ्या पलंगाखाली ठेवल्या. त्याबाबतही बोलणे झाले नाही.

मागील आठवड्यात विहीणबाई आपली चप्पल शोधत माझ्या खोलीत आल्या. त्यांना बाटल्या भरलेल्या दिसल्या. "मास्तर, पलंगाखाली सरबताचं दुकान काढलंत की काय?" असे त्यांनी विचारले. मुलगी व जावई दारात येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "प्रयोग आहे. लघवीपासून वीज तयार करतोय." बाई त्या वेळी फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

असे बोलून गेल्यामुळे प्रयोग करून दाखवणे भाग पडले. बॅटरीस दोन निरनिराळे धातू व त्यांच्यामध्ये क्षार विरघळलेला द्रव लागतो. लघवीत क्षार असतात. जस्त मी टॉर्चच्या जुन्या सेलांच्या कवचांतून काढले. जस्ताची व तांब्याची पट्टी एकमेकींना न टेकता द्रवात उभी केली की जस्त हळूहळू झिजू लागते. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे धावतात आणि प्रवाह सुरू होतो. एका पेल्याने दिवा लागत नाही. एका पेल्यातील तांबे दुसऱ्यातील जस्तास, अशी माळ केली म्हणजे विजेचा दाब वाढत जातो, हे फार सुंदर असते. (येथे साहेबांनी मुद्द्यावर यावे असे सुचवले. पट्ट्यांची गरज समजल्याशिवाय सुरई का कापली हे समजणार नाही, असे मी नम्रपणे सांगितले.)

तांबे माझ्याकडे नव्हते. विहीणबाईंची तांब्याची सुरई काचेच्या कपाटात सर्वांत वर असे. ती त्यांच्या दिवंगत यजमानांनी आणलेली होती, हे मला माहीत होते. घरात कोणी नसताना मी ती पत्र्याच्या कात्रीने कापली व पट्ट्या ठोकून सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी कातरण झाडले. त्यातला एक तुकडा उचलून पाहिला, कपाटाकडे पाहिले आणि तो केरात टाकला.

दिवा लागला. लहान, तांबडा, पण स्थिर. जावयांनी फोटो काढले. मुलीने शेजाऱ्यांना बोलावले. विहीणबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "डोकं आहे हो तुम्हाला, मास्तर. काही म्हणून वाया घालवत नाही." त्या दिवसापासून बाटल्यांबद्दल कोणी विचारले नाही. दिवा लागल्याचा मला मनापासून आनंद झाला होता, हेही नमूद करावे.

आज सकाळी सुरई जागेवर नसल्याचे विहीणबाईंच्या लक्षात आले. कपाट बाई पुसतात, म्हणून विचारणा त्यांना झाली. त्या म्हणाल्या, "मी घेतली नाही. कोणी घेतली ते मला विचारू नका." यावरून संशय वाढला व जावयांनी ठाण्यास फोन केला. मी तेथेच खुर्चीवर बसून राहिलो. आपले शिपाई त्यांना घेऊन निघाले तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आबा, बाटल्या धुऊन ठेवल्यात."

त्यानंतर मी कपडे बदलून येथे आलो. सुरईचा उरलेला भाग व पट्ट्या हजर करीत आहे.

प्रयोगास लघवीच का घेतली, असे साहेबांनी विचारले. उत्तर असे की, तिची गरज नव्हती. वीज जस्ताच्या झिजण्यातून येते. मिठाच्या पाण्यानेही दिवा लागला असता. आयुष्यभर हे शिकवूनही घरच्यांना दाखवताना मी ते लपवले. मला रात्री संडासापर्यंत पोहोचता येत नाही. बाटल्या त्यासाठी आहेत. प्रयोग मागाहून सुचला. बाईंना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. त्यांनी माझी लाज राखली नसती, तर त्या आज येथे बसल्या नसत्या.

हवालदारांनी माझ्याकडे पाहून, दार लोटून, जबाब हलक्या आवाजात वाचण्यास सुरुवात केली. बाहेरच्या बाकावर बाई आहेत, माझ्यामागोमाग आलेल्या विहीणबाई व मुलगीही आहेत, म्हणून दार उघडून पहिल्यापासून मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. तसा वाचला. सर्वांनी ऐकला. मी सांगितले तेच लिहिले आहे. त्यातील काहीही कमी करावयाचे नाही.