विरलेल्या ग्रहाचं पहिलं नाव

संस्थेच्या संचालकांच्या दाराबाहेर आम्ही तिघं ताटकळत होतो: मी माझ्या वेगळ्याच कामासाठी, आणि शेजारी एक प्राध्यापक व त्यांची विद्यार्थिनी.

"पुन्हा सांग गं, आत नीट सांगता आलं पाहिजे."

"सर, तारा आपल्या जवळचा, वयानं तरुण. भोवती धुळीचं कडं. त्या कड्यातला, आपण ग्रह म्हणून जाहीर केलेला ठिपका दरवर्षी फिका होतोय आणि पसरतोय. ग्रह असा पसरत नाही. दोन मोठे दगड आदळले, त्यांचा धुरळा होता तो."

"म्हणजे ग्रह गेला आपला."

"नव्हताच, सर. मी तेव्हाच म्हणाले होते."

"तेव्हा तू नवीन होतीस."

"तुम्ही म्हणालात, धूळ तुझ्या चष्म्यावर असेल."

"गंमत केली गं! बरं, आता चूक कबूल करणारा शोधनिबंध पाठवायचाय. त्यावर पहिलं नाव तुझं."

"ग्रह सापडला तेव्हा माझं नाव आभारात होतं. कॅन्टीनवाल्याच्या खाली."

"म्हणूनच म्हणतोय, आता वर ये."

"लोक चूक पहिल्या नावानंच लक्षात ठेवतात, सर."

"निदान लक्षात तरी ठेवतील. आणि तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायचीय ना अजून?"

"...तुमचं नाव कितवं घालू?"

"माझं कशाला? तरुणांनी पुढे यायला हवं."

तेवढ्यात शिपायानं दार उघडलं.

"ते ग्रहाचं चुकलंय, त्यासाठी कोण आलंय?"

"ही," सर म्हणाले आणि तिच्यासाठी अदबीनं दार धरून उभे राहिले.