मागून बांधायचा डगला

जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर केदारखेड्याचं एक जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं. बाईच्या अंगात दवाखान्याचा हिरवा डगला होता, पाठीवरच्या नाड्या अजून सुट्याच.

“अहो, टीव्हीवरल्या मालिकेतल्या त्या अंतराळयानवाल्यांचा पयला गणवेश असाच होता ना? नाड्या पाठीमागं.”

“नव्या भागात चेन पुढं केली. एकट्याला घालता येती.”

“मला जुनाच बरा वाटतो.”

“का गं पुष्पे? पाठ उघडी पडायची त्यांची!”

“पर बांधायला मागं कोणीतरी उभं राह्यचं.”

“पाठ कर इकडं. पक्की निरगाठ मारतो.”

“निरगाठ तुम्हाला कधी सुटती का? सुरगाठ मारा. संध्याकाळी सोडायला तुम्हालाच यायचंय.”

त्यांना ती गाठ मारायला बराच वेळ लागला.